घरच्यांचा नंबर

नवनाथ ढवळेला रविवार आवडत नसे. चिखलीतल्या त्याच्या गल्लीत आठवड्याचे सहा दिवस लेथ, ग्राइंडर आणि वेल्डिंगचा असा कल्ला असायचा, की माणसाला स्वतःशी दोन शब्द बोलायचीही उसंत मिळू नये. रविवारी सगळी शटरं खाली. मग चौपन्न वर्षांचा हा गडी सुमनताईंच्या घरावरच्या आपल्या भाड्याच्या खोलीत प्रथमोपचाराची पेटी खिळ्यावरून उतरवायचा, चष्मा लावून मलमांच्या ट्यूबवरच्या तारखा वाचायचा, पट्ट्या मोजायचा आणि पेटी परत खिळ्याला अडकवायचा. गेल्या सहा वर्षांत ती उघडायची खरी वेळ दोनदाच आली होती.

तो परभणीकडचा, सेलूजवळच्या खेड्यातला. घरात थोरला. आधी दोघी बहिणींची लग्नं, मग धाकट्याचं शिक्षण, मग धाकट्याचं लग्न. या सगळ्यात आपण घोडनवरा झालो आणि नंतर नुसताच घोडा राहिलो, असं तो स्वतःच सांगायचा. ऐकणारे हसायचे, तोही हसायचा, आणि सगळे आपापल्या घरी गेले की जिना चढून आपल्या खोलीत यायचा.

जिना बाहेरून होता, लोखंडी. त्याची पावलं वाजली की खालून सुमनताई अंगणातूनच हाक मारायच्या, "नवनाथभाऊ, जेवला का?" चिखलीच्या जुन्या घरांतलं हे माणूस, विचारल्याशिवाय राहायचं नाही. नवनाथचं उत्तरही ठरलेलं, "हो, झालं." जेवण झालेलं असो वा नसो. भाडेकरूनं मालकाच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही, ही त्याची स्वतःची शिस्त होती. तशी कुणी घातली नव्हती.

शिस्तीचं वेड त्याला कंपनीत लागलं. चाकणच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला त्यानं बावीस वर्षं काढली. तिथं तो सेफ्टी कमिटीत होता. आगीची सराव-कवायत झाली की सगळ्यांनी बाहेरच्या मैदानात जमायचं आणि डोकी मोजायची. एकदा मोजणी एकदम बरोबर भरली. साहेब खूश, फोटो निघाले. आणि तेवढ्यात भंगाराच्या ढिगामागून एक जण डोळे चोळत बाहेर आला. तो झोपला होता, आणि त्याचा दोस्त त्याच्या नावानं 'हजर' म्हणून मोकळा झाला होता. दोस्तीत दुसऱ्याचं कार्ड पंच करतात तशी दोस्तीत हजेरी. सगळे पोट धरून हसले, नवनाथ मात्र आठवडाभर नीट झोपला नाही. आग खरी असती तर तो माणूस कागदावर जिवंत राहिला असता.

तीन वर्षांपूर्वी कंपनीनं जुन्या लोकांना हिशेब करून घरी पाठवलं. बूट, हेल्मेट आणि कंपनीचं सिमकार्ड गेटवर जमा करून नवनाथ बाहेर पडला. आता तो गल्लीतल्याच एका फॅब्रिकेशनच्या दुकानात स्टोअर सांभाळायचा, नट-बोल्ट देणं-घेणं. तिथं सेफ्टीचं कुणी काही विचारत नसे.

विचारत ते वर्षातून एकदा. डिसेंबरात मोशीला अर्धमॅरेथॉन व्हायची, एकवीस किलोमीटरची, आणि तिचे स्वयंसेवक उभे करायचं काम पूनमकडं असायचं. पूनम म्हणजे तिशीची, आयटीत नोकरी करणारी, रविवारी पहाटे लोकांना पळवण्यात आनंद मानणारी मुलगी. सहा वर्षांपूर्वी ती कंपनीत जाहिरात लावायला आली, तेव्हापासून नवनाथ तिचा हक्काचा माणूस. शर्यतीच्या आधीच्या रविवारी शाळेच्या मैदानात शंभरेक पोरापोरींसमोर तो उभा राहायचा, आणि त्या दिवशी त्याचा आवाज चांगलाच मोठा व्हायचा.

"पडलेल्याभोवती घोळका करू द्यायचा नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही, ते कितीही पुण्याचं वाटलं तरी. मदत मागताना 'अरे कुणीतरी या' असं ओरडायचं नाही; एकाकडं बोट दाखवून सांगायचं, तू फोन कर. जागा सांगताना 'ते झाड आहे ना, तिथं' असं नाही, विजेच्या खांबाचा नंबर सांगायचा. नाव छातीवरच्या कागदावरून वाचायचं नाही, माणसाच्या तोंडून घ्यायचं." आणि मग थोडं थांबून शेवटचं, "पडलेल्याला एकटं सोडायचं नाही. त्याच्या माणसाच्या हाती देईपर्यंत तो आपला."

पोरं टाळ्या वाजवायची. हे दोन रविवार, एक शिकवायचा आणि एक शर्यतीचा, एवढेच वर्षात नवनाथला आवडायचे.

यंदा मात्र घोळ झाला. स्वयंसेवकांची नोंद फोनवरच्या फॉर्ममध्ये करायची होती, आणि त्यात नवीन रकाना होता: अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं, नाव, नंबर, नातं. रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नव्हता. स्वतःचाच नंबर टाकून पाहिला, तो लाल झाला.

त्यानं धाकट्या भावाला फोन लावला.

"दादा, माझा नंबर दिलास तरी मी इथून काय करणार सांग," भाऊ म्हणाला. "आठ तास लागतेत यायला. तिथलंच कुणाचं दे की. एवढी वर्षं राहायलास तिथं."

भावाचं चुकत नव्हतं, आणि त्याचाच जास्त त्रास झाला. एवढी वर्षं राहायलास तिथं. नवनाथनं फोनमधली सगळी नावं वरपासून खालपर्यंत वाचली. कंपनीतले जुने सोबती, किराणावाला, गॅसवाला, दुकानाचा मालक. कुणाला फोन करून काय सांगणार, की बाबा, मी मेलो तर तुला कळवलं तर चालेल का? सुमनताईंचा नंबर होता. पण भाडेकरूनं असलं ओझं मालकावर टाकायचं नाही, हे त्यानं स्वतःच ठरवून टाकलं. शेवटी त्यानं तोंडपाठ असलेला एकच नंबर टाकला: चाकणच्या कंपनीच्या गेटवरचा फोन. पुढचं शून्य सोडलं की बरोबर दहा आकडे भरतात. नात्याच्या यादीत आई, वडील, पत्नी, भाऊ, बहीण, सगळ्यात खाली 'इतर'. त्यानं 'इतर'वर बोट ठेवलं आणि फॉर्म पुढं गेला. चोरी केल्यासारखं वाटत राहिलं ते वेगळंच.

शर्यतीच्या पहाटे त्याची जागा नेहमीचीच होती, खांब नंबर सतरा. मोशीच्या पुढं, नव्या इमारतींची पत्र्याची कुंपणं संपतात आणि नदीकडं उतार लागतो तिथलं वळण. तिथं ढोल नसतो, टाळ्या वाजवणारी शाळेची मुलं नसतात, कुणी फोटो काढत नाही. दुसरे स्वयंसेवक ही जागा टाळत, नवनाथ मागून घेई. गळ्यात शिट्टी, हातात लाल झेंडा, थर्मासमध्ये चहा. पुढचे पळणारे सुसाट निघून गेले. मग मधले आले, मग दम लागलेले. प्रत्येकाला तो "शाब्बास, डावीकडून, खड्डा आहे" म्हणत होता. वळून बघायला कुणाला वेळ नव्हता.

साडेसातच्या सुमारास एक पंचविशीचा मुलगा वळणावर आला, दोन पावलं तिरकी टाकली आणि तोंडावर पडला.

नवनाथ धावला. खांदे थोपटले, हाक मारली. उत्तर नाही. छाती नीट हलत नव्हती, मधूनच एक आचका यायचा. हा श्वास नव्हे, हे त्याला ठाऊक होतं. मागून येणारी लाल टोपीवाली बाई थांबली. "ताई, तुम्ही. फोन लावा. खांब सतरा, माणूस पडलाय, श्वास नाही, झटक्याचं मशीन घेऊन या. एवढंच सांगा." तेवढ्यात एक दूधवाला मोटरसायकल थांबवून म्हणाला, "कांदा हुंगवा त्याला, न्हाईतर पायतान." नवनाथ वर न बघताच म्हणाला, "भाऊ, गाडी आडवी लावा रस्त्याला, कुणाला अंगावर येऊ देऊ नका." दूधवाल्यानं कॅनांसकट गाडी आडवी घातली आणि एखाद्या पोलिसासारखा उभा राहिला.

छातीच्या मधोमध हात ठेवून नवनाथनं दाबायला सुरुवात केली. जोरात, भराभर. वर्षानुवर्षं त्यानं रबरी पुतळ्याच्या छातीवर हे शिकवलं होतं, माणसाच्या छातीवर कधी केलं नव्हतं. तो मोठ्यानं आकडे मोजत होता आणि मधे हाका मारत होता. छातीवरच्या कागदावर नाव होतं, 'कुलदीप'. "कुलदीप, जायचं नाही. कुलदीप, इथंच थांब." हात भरून आले तेव्हा लाल टोपीवाल्या बाईनं विचारून हात लावला, मग परत त्यानं. सात मिनिटांनी रुग्णवाहिका आली. मशीन लावलं, एक झटका दिला, आणि मुलाच्या गळ्यातून असा काही आवाज निघाला की दूधवाल्यानं डोक्याची टोपी काढली.

"नाव?" डॉक्टरनं विचारलं.

"कुलदीप," नवनाथ म्हणाला.

आपण जागा सोडून आलो, हे त्याला रुग्णालयात पोचल्यावर कळलं. झेंडा लाल टोपीवाल्या बाईच्या हाती देऊन तो मुलाबरोबरच गाडीत चढला होता. मागून पूनमच्या लोकांनी त्या नावापुढं नोंदलेला फोन लावला, तर पलीकडून झोपाळलेला आवाज आला, "मीच कुलदीप बोलतोय. काय झालं?" रुग्णवाहिकेच्या माणसानं हे नवनाथला येऊन सांगितलं.

झालं होतं ते या पट्ट्यात दर शर्यतीला होतं. कंपन्या आपल्या लोकांसाठी छातीवर लावायच्या नंबरांचे गठ्ठे घेतात. मग कुणाला थंडी वाजते, कुणाला ओव्हरटाइम लागतो, आणि नंबर कँटीनच्या कूपनासारखा दुसऱ्याला जातो. कुलदीपनं आपला नंबर लाइनवरच्या नव्या पोराला, प्रज्वलला दिला होता. प्रज्वल महिन्यापूर्वीच आलेला. मनमाडकडचा, एवढंच कुलदीपला माहीत. घरी कोण, फोन काय, काही नाही. ऑफिसला रविवारची सुट्टी.

नवनाथला कानकोंडं झालं. नाव तोंडून घ्या, म्हणून शंभर पोरांना घसा कोरडा करून सांगितलं, आणि स्वतः कागद वाचून मोकळा झाला. बेशुद्ध माणूस नाव सांगणार कसं, हे खरं. पण 'नाव माहीत नाही' एवढं तरी डॉक्टरला सांगता आलं असतं.

आत मुलावर उपचार सुरू झाले. नर्सनं कागद पुढं केला. "पेशंटचे कोण तुम्ही?"

"कुणी नाही."

"मग नातेवाइकांच्या जागी कुणाचं नाव लिहू?"

त्यानं आपलं नाव सांगितलं, आपला नंबर सांगितला. नात्याच्या जागी काय, हे तिनं परत विचारलं. "इतर लिहा," तो म्हणाला. दहा दिवसांत हा शब्द दुसऱ्यांदा त्याच्या वाट्याला आला होता. या पोरालाही कुणी नाही, असं क्षणभर वाटून त्याला बरं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

तो बाकावर बसून राहिला. अकरा वाजता मुलाच्या कमरेच्या पट्ट्यातला फोन, जो लॉक असल्यामुळं नुसताच नवनाथच्या खिशात पडून होता, वाजू लागला. पडद्यावर दोनच अक्षरं होती: आई. अशी बातमी कशी द्यायची, हेही तो शिकवायचा. सगळ्यात आधी माणूस जिवंत आहे हे सांगायचं, बाकीचं मागून.

"पज्या, जेवलास का रे?" पलीकडून आवाज आला.

"ताई, तुमचा मुलगा जिवंत आहे, शुद्धीवर येतोय. आधी तेवढं ऐका," नवनाथ म्हणाला. मग हळूहळू सगळं सांगितलं. बाई रडली, मग सावरली, निघतो म्हणाली. फोन ठेवताना तिनं विचारलं, "दादा, तुम्ही कोण?"

"मी तिथं उभा होतो," तो म्हणाला.

दुपारी पूनम आली ती धापा टाकतच. "काका, तुमचा फोन बंद आहे. शेवटी डोकी मोजली तर एक कमी. तुम्हीच. इथं आहात हे आत्ता रुग्णवाहिकेवाल्यानं सांगितलं."

फोनची बॅटरी कधी उतरली ते त्याला कळलंच नव्हतं. पूनम शेजारी बसली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही दिलेल्या नंबरवर फोन केला होता आम्ही. तो माणूस म्हणाला, नवनाथ ढवळे? या नावाचं इथं कुणी नाही."

गेटवरचा वॉचमन नवा असणार. त्याचं काही चुकलं नव्हतं. बावीस वर्षं ज्या गेटातून आत-बाहेर केलं, तिथं आपलं नावसुद्धा शिल्लक नाही, हे नवनाथला आतून माहीत होतंच. पण कुणीतरी फोन करून खात्री करून घेतली, हे वाईट झालं.

"कंपनीच्या गेटचा नंबर आहे तो," त्यानं सांगून टाकलं.

"काका, आज तुम्ही एका मुलाला परत आणलंत," पूनम म्हणाली. "पण फेब्रुवारीत चाकणला सायकल शर्यत आहे, आणि खरा नंबर नसेल तर मी तुम्हाला उभं करणार नाही. उद्या तुम्हीच पडलात तर मी कुणाला सांगू? संध्याकाळपर्यंत द्या." तिचे डोळे भरले होते, पण शब्द मागं घेतला नाही. तिला हे नवनाथनंच शिकवलं होतं.

पाचला प्रज्वलचे आईवडील आले. नवनाथनं फोन त्यांच्या हातात दिला, डॉक्टरचं नाव सांगितलं. आई आत धावली. काचेतून त्याला दिसलं, ती मुलाच्या केसांतून हात फिरवत होती. वडील हात जोडून म्हणाले, "तुमच्या घरचे वाट बघत असतील. सकाळपासून अडकलात आमच्यापायी."

"हो, निघतो," नवनाथ म्हणाला आणि बसथांब्याकडं चालू लागला.

दिवेलागणीला तो गल्लीत शिरला. शटरं बंद. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय वाजला तशी हाक आली, "नवनाथभाऊ, जेवला का?"

तो थांबला. मग पायरी उतरून अंगणात आला. सुमनताई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"ताई, एक विचारायचं होतं."

"खोली सोडताय का?" त्यांनी धास्तावून विचारलं.

"नाही. एक फॉर्म आहे. मला काही झालं तर कुणाला कळवायचं, असं विचारतात. तुमचा नंबर लिहिला तर चालेल का?"

सुमनताईंनी तांदळाचं ताट बाजूला सारलं. "एवढं इचारायला मुहूर्त बघत व्हता व्हय? या आत."

"इथंच बरा आहे."

"या म्हन्ते ना."

सहा वर्षांत पहिल्यांदा तो त्यांच्या स्वयंपाकघरात गेला. फळीखालच्या भिंतीवर जाड पेनानं नंबर लिहिले होते: गॅसवाला, लाइटवाला, लेकीचं घर, दवाखाना. आणि सगळ्यांच्या वर, मोठ्या अक्षरांत: नवनाथभाऊ, आधी यांना.

"आमच्या मालकांचा हात मोटरीच्या पट्ट्यात गावला व्हता बगा, तुमी बांधलावता," सुमनताई म्हणाल्या. "तवाच लिव्हून घेतलंय सुनंकडनं. घरात समद्यांना सांगून ठेवलंय, काय बी झालं तर आदी नवनाथभाऊ. म्हनून तर आमी निवांत असतो."

नवनाथनं नंबर वाचला, चष्मा पुसून परत वाचला. त्याला खूप रडू आलं, आणि रडता येईना. तो नंबर त्यानं गेटवर जमा केलेल्या सिमकार्डाचा होता.

"ताई, हा बंद आहे. तीन वर्षं झाली."

"आत्ता गं बया." त्या मटकन पाटावर बसल्या. "आन काय झालं असतं म्हंजी? आमी आपलं खालनं हाका मारतोय, फोन कुनी कदी लावलाच न्हाई."

त्यानं पेन मागितलं, जुन्या आकड्यांवर रेघ मारली आणि शेजारी नवे लिहिले. आकडे जरा वाकडे आले. त्याचा फोन सुमनताईंनी ओट्याजवळच्या चार्जरच्या पिनेला लावला आणि चालू होईपर्यंत त्याला पाटावर बसवून ठेवलं.

"आता लागतोय का न्हाई ते बगितल्याबिगर म्या सोडायची न्हाई," त्या म्हणाल्या. चष्मा कपाळावरून खाली घेऊन, भिंतीकडं बघत एकेक आकडा दाबला. ओट्यावर नवनाथचा फोन वाजला. त्यानं उचलून कानाला लावला. सुमनताई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या, तरी त्याही फोनमध्येच बोलल्या.

"नवनाथभाऊ, जेवला का?"

"नाही," नवनाथ म्हणाला. "सकाळपासून काहीच खाल्लं नाही."